दुखत नाही म्हणून

'नस' या शब्दावर माझा जुना राग आहे. आमच्याकडे मान आखडली की नस चढते, कंबर धरली की नस दबते, मनगटातून रक्त आलं की नस कापली जाते. एका शब्दात सगळा देह उरकून टाकायचा! या शब्दापायी आईच्या हाताबाबत आम्ही सगळे फसलो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नववीत होते, आमच्या गावाहून एसटीने आर्वीच्या शाळेत जायचे. गावात विजेचे खांब आले होते, पण भरवसा कंदिलाचाच. एका संध्याकाळी आई कंदिलाची काच राखेने पुसत होती. काच हातातच फुटली आणि उजव्या मनगटात खोल शिरली. बाबांनी धोतर फाडून बांधलं आणि मिळेल त्या गाडीने तिला वर्ध्याला नेलं. ऑपरेशननंतर डॉक्टर आम्हाला कळेल अशा शब्दांत म्हणाले, "नस जोडली आहे. वेळ लागेल."

हात प्लास्टरमध्ये असताना बाया बघायला यायच्या.

"बोटं दुखते काय वं?"

"नाई माय, काईच नाई."

ऐकून सगळ्यांना हायसं वाटायचं. प्लास्टर निघालं आणि हळूहळू बोटं मिटू लागली. "जुळली नस," म्हणत बाबांनी नारळ फोडला.

मग एका सकाळी आई भाकरी शेकत होती आणि मी शेजारी दप्तर भरत होते. करपल्याचा वास आला. भाकरीचा नव्हता. आईचं बोट तव्याला टेकलं होतं आणि ती माझ्याशी निवांत बोलत होती. मी किंचाळले तेव्हा तिने खाली पाहिलं.

"ध्यान कुठी रायते तुयं?" बाबा कावले. आई ते बोट उलटसुलट करून बघत होती. मला त्या बघण्याची भीती वाटली.

शाळेत तेव्हा ऊतींचा धडा चालू होता. संयोजी ऊती म्हणजे हाड, कूर्चा, चरबी, अगदी रक्तसुद्धा. बांधून ठेवणं, आधार देणं, मधली जागा भरणं हे त्यांचं काम. त्यांतलीच कंडरा स्नायूला हाडाशी बांधते, म्हणून बोट मिटतं. मग आली चेता ऊती. तिच्या पेशींना लांब तंतू असतात, त्यांतून हुकूम खाली जातो आणि स्पर्श, चटका, कळ वर मेंदूकडे येते. मला आईचं तव्यावरचं बोट आठवलं. तास संपल्यावर मी विज्ञानाच्या बाईंना घरचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाई, मग यातली नस कोणती?"

"लोक दोन्हीला नस म्हणतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आईला पुन्हा दाखवून आणा."

घरी मी आईला समजावलं. "बोट ओढणारी जुळली. समजणारी नाई जुळली अजून."

ती बराच वेळ बोटं चोळत बसली. "मंग मी कापूस कसा वेचू वं?"

बोंडातला कापूस पाल्याचा चुरा न लागता काढणं हे बोटांच्या टोकांचं काम. आई बोलता बोलता, न बघता वेचायची. गावात तिच्यासारखा हात नव्हता, आणि याचा तिला अभिमान होता.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दोन्ही जोडलं आहे, पण चेतातंतू मनगटापासून खाली फार सावकाश वाढतो. बोटांपर्यंत पोचेल, न पोचेल. तोवर विस्तवापासून जपा. तव्यापाशी मी बसू लागले.

पुढच्या हंगामात आई वेचायला गेली. प्रत्येक बोंड डोळ्यांनी बघून वेचायची, त्यामुळे मागे पडायची. "कापूस वेचून राह्यली का नवरी पाहून राह्यली?" बाया चिडवायच्या. ती हसायची. मला ते हसणं बघवत नसे.

एका सुट्टीच्या दिवशी मी तिच्या शेजारच्या ओळीत होते. अचानक ती थांबली. बोंडाचं वाळलेलं टोक अंगठ्यात घुसलं होतं. तिने ते मुद्दाम पुन्हा टोचून घेतलं.

"दुखलं वं! मले दुखून राह्यलं!"

रोज त्याच टोकांना शिव्या घालणाऱ्या बाया काम सोडून बघत राहिल्या. तिने अंगठ्याशेजारचं पहिलं बोट टोचलं, मधलं टोचलं. तिथे काहीच नव्हतं, आणि पहिल्या बोटात पुढेही कधी काही आलं नाही. मग ती ओळ ओलांडून माझ्यापाशी आली, अंगठा माझ्या गालावर टेकवून उभी राहिली.

"तुये गाल तापले वं," ती म्हणाली. "सावलीत बस जरा."