मी सुमनला माफ केलं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, देवापुढे डोळे मिटून उभी असतानाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जे ओळखतात ते सगळे मला चांगली बाई समजतात.

कुठून सुरू करू? ग्रुपपासून करते. ते सोपं आहे.

अमरावतीला आम्ही बी.एस्सी.ला एकत्र होतो. त्याला चाळीसेक वर्षं झाली. आमच्यातला प्रकाश — वर्गातला बोलका, पुढे बँकेत गेला — त्यानं निवृत्त झाल्यावर एकेकाला शोधून व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. सकाळी फुलं, वाढदिवसाला केक, कोणाचा गुडघा बदलला, कोणाला नातू झाला. मी अकोल्याला असते. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणून ग्रुपवर मला सगळे 'मॅडम' म्हणतात. आणि सुमनला म्हणतात 'लेबल'.

दोन वर्षांपूर्वी प्रकाशला तिचा नंबर मिळाला. मूर्तिजापूरजवळच्या एका गावात ती संसार करून राहिली होती, चाळीस वर्षं कोणाच्या संपर्कात नव्हती. त्यानं तिला ग्रुपात घेतलं आणि लिहिलं, 'आली रे आली, आपली लेबल आली!' खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. वीस-पंचवीस असतील. त्यातला एक माझा.

सुमननं नुसते हात जोडलेले पाठवले.

लेबल म्हणजे काय, ते सांगते. थांबा — सांगतेच.

शेवटच्या वर्षाला आमची सहल चिखलदऱ्याला गेली होती. पावसाळा नुकताच सरला होता. प्रत्येकानं पन्नास वनस्पती गोळा करायच्या, वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून वाळवायच्या, जाड कागदावर चिकटवायच्या, उजव्या कोपऱ्यात खाली लेबल — झाडाचं नाव, कुठे सापडलं, कोणी गोळा केलं. ही फाइल परीक्षेला ठेवायची. तिला मार्क होते, आणि एम.एस्सी.च्या जागा तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

सुमन शेतकऱ्याची मुलगी. होस्टेलला राहायची. झाडापाशी बसायची तर अशी, की जणू घरचंच माणूस भेटलं. तरोटा, केना, कळलावी — पुस्तकातलं नाव मला आधी यायचं, पण झाड तिला आधी दिसायचं. आम्ही जोडीनंच फिरलो, पन्नासही झाडं दोघींची तीच. तिथल्या कोरकू आदिवासी बायांना विचारून त्यांच्यातली नावंसुद्धा तिनं प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिली होती. कोणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं म्हणून.

वाळवताना रोज कागद बदलावे लागतात. ती रोज बदलायची. मी नाही बदलले. कंटाळा, दुसरं काही नाही. दोन आठवड्यांनी घडी उघडली तर सगळं काळं, वर पांढरी बुरशी. तो ओला, कुबट वास — तो अजून माझ्या नाकात आहे.

माझे वडील वकील. आमच्या घरी सुमन सणावाराला जेवायला यायची, आई तिला वाढताना दोनदा आग्रह करायची. सहामाहीत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले, तेव्हा वडील तिच्यासमोरच हसत म्हणाले होते, "काय विद्याबाई, खेड्यातली पोरगी पुढे गेली की!" सुमन ओशाळून पोळीकडे बघत राहिली. मीही हसले. ते हसणं — जाऊ द्या. ते काही कारण नाही. कारण म्हणून सांगत नाही.

फाइल द्यायच्या आधीच्या आठवड्यात तिच्या बहिणीचं लग्न होतं. होस्टेलच्या खोलीत वाळवी, म्हणून तिनं आपली फाइल माझ्याकडे आणून ठेवली. फडक्यात बांधलेली. म्हणाली, "तुह्याकडे राहू दे व, तुह्याकडे मले काही घोर नाही."

कळतंय ना तुम्हाला, पुढे काय ते?

दुपारी माझ्या खोलीत दार लावून बसले. जिभेला बोट लावायचं, लेबलवर फिरवायचं, डिंक सुटला की नखानं अलगद उचलायचं. तिची पन्नास, माझी पन्नास. तोंडात डिंकाची चव आली होती. तिच्या कागदांवर माझी लेबलं, माझ्या कुजक्या कागदांवर तिची. मग रबर घेतलं आणि तिनं पेन्सिलीनं लिहिलेली ती नावं खोडली. एकेक. रबराचा चुरा फुंकरीनं उडवला आणि आईनं हाक मारली तेव्हा खाली जाऊन चहा प्यायले. एकदा तरी थांबले का? नाही. हेच सांगायचं आहे — नाही थांबले.

ती लग्नाहून थेट कॉलेजात आली, हातांवर हळद होती. मी दोन्ही फाइली सरांच्या टेबलावर ठेवलेल्या. तिनं आपल्या नावाची फाइल उघडली, बंद केली, माझी उघडली. मग सरांना म्हणाली, "सर, हे माह्ये आहेत. हे सारेच्या सारे माह्ये आहेत."

सरांनी कागद उजेडाकडे धरला. लेबलाखाली आधीच्या डिंकाचा चौकोन दिसत होता. आधी दुसरं लेबल होतं आणि ते काढलं गेलं, हे लहान मुलालाही कळलं असतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या वेळी मी बोलू शकले असते. फार तर ओरडा, फार तर शून्य. पण मला सुचलं. वकिलाच्या मुलीला सुचावं तसं सुचलं. मी म्हणाले, "सर, सुमन आमच्याकडे येत-जात असते. तिनं लग्नाला जाण्याआधी माझ्या कागदांवर तिची लेबलं लावून ठेवली होती. मला काल कळलं. मी तिची काढून माझी परत लावली. तिचं नाव खराब होऊ नये म्हणून बोलले नाही."

बघा, शेवटचं वाक्य बघा. त्याची गरज होती का? सर पहिल्या चार वाक्यांवरच माझे झाले होते. माझं बोलणं शुद्ध, आवाज खालचा, वडील गावात नाव असलेले. आणि ती संतापानं रडत, वऱ्हाडीत, अर्धी वाक्यं गिळत — "खोटं बोलून राहिली सर ते, देवाशपथ खोटं बोलून राहिली."

तिच्याकडून सगळ्या वर्गासमोर माफीपत्र वाचून घेतलं. फाइलला शून्य. एम.एस्सी.ची जागा मला मिळाली. तिला तिचे वडील येऊन घेऊन गेले. त्या उन्हाळ्यातच तिचं लग्न लागलं. आणि प्रकाशनं तिचं नाव 'लेबल' पाडलं, ते आम्ही वर्ष संपेपर्यंत चवीनं वापरलं.

पुढे मी काय केलं? तीस वर्षं मुलांना फाइल करायला शिकवली. नमुन्यापेक्षा लेबल महत्त्वाचं, असं दर वर्षी फळ्यापाशी उभी राहून सांगितलं. एकदाही जीभ अडखळली नाही.

ग्रुपवर सुमन फार बोलायची नाही. कधी बांधावरच्या झाडाचा फोटो टाकायची, कोणी नाव विचारलं तर सांगायची. 'वा लेबल!' असं कोणीतरी लिहायचंच. मला तिनं वेगळा असा एकही निरोप पाठवला नाही. सुरुवातीचे काही महिने मी रोज सकाळी भीत भीत फोन उघडायचे. मग भीती गेली. तिच्या जागी काय आलं माहीत आहे? कृतज्ञता. ती गप्प बसली म्हणून मला तिचं कौतुक वाटायला लागलं. समजूतदार आहे हो, असं मी मनातल्या मनात म्हणायचे. मी! तिला!

गेल्या हिवाळ्यात प्रकाशनं अमरावतीला एका लॉनवर भेट ठरवली. दुपारचं जेवण, सोबत घरच्यांना आणायचं. सुमन येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली — सुती साडी, केस पूर्ण पांढरे, सोबत सून. स्नेहल नाव. शाळेत शिक्षिका आहे, सासूचा हात धरूनच चालत होती. सुमननं मला पाहिलं, "बरी आहेस न?" विचारलं. मी तिला मिठी मारली. हो, मारली. लोक फोटो काढत होते.

जेवणानंतर प्रकाशनं माइक घेतला आणि गमतीची बक्षिसं वाटायला लागला. कोणाला टकलाचं, कोणाला उशिरा येण्याचं. मग त्यानं पुठ्ठ्याचं एक लेबल काढलं, दोऱ्यात ओवलेलं, आणि ओरडला, "अन हे आपल्या सुमनबाईले! घालणार कोण? ज्याहिची फाइल चोरली होती त्या विद्या मॅडम!"

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मी उठले. मी तो दोरा तिच्या गळ्यात घातला. तिचा अंबाडा मध्ये आला म्हणून पदर नीट करून घातला. तिची मान हातभर अंतरावर होती, आणि ती हलली नाही.

स्नेहलला काही कळेना. "कोणती फाइल, काका?" प्रकाशनं माइकवरच सगळं रंगवून सांगितलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं — त्याला जे माहीत आहे तेच तो सांगत होता. ते माहीत कोणी करून दिलं? स्नेहलनं सासूकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला.

सुमन माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "विद्या, माही सून आहे ते. तूच सांग न तिले, काय झालं होतं ते."

प्रकाशनं माइक माझ्या हातात दिला.

वीस वर्षांची होते तेव्हा, असं म्हणता येतं. लोक म्हणतात. पण इथे? माझी नोकरी संपली, पेन्शन चालू आहे, वडील जाऊन किती वर्षं झाली. कोणी माझं काय काढून घेणार होतं? फार तर चाळीस म्हाताऱ्या माणसांसमोर माझी मान एकदा खाली गेली असती. एवढंच. मी माइक तोंडाशी नेला. सुमन माझ्याकडे बघत होती — आणि तिला वाटत होतं की मी सांगीन. खरंच वाटत होतं. ते तिच्या डोळ्यांत इतकं स्वच्छ दिसत होतं.

मी म्हणाले, "जाऊ द्या हो, आपण लहान होतो. मी सुमनला केव्हाच माफ केलंय."

टाळ्या. कोणीतरी शिट्टीसुद्धा मारली. प्रकाशचे डोळे भरून आले होते.

हात धुवायच्या नळापाशी ती मला एकटी भेटली. लेबल गळ्यातून काढलेलं नव्हतं. विसरली असेल किंवा मुद्दाम ठेवलं असेल. हात धूत धूत, माझ्याकडे न बघता बोलली, "तवा मले वाटे, तू भेली असशील. लेकरू होती, बापाले भेली असशील. म्हणून म्या सोडून देलं होतं. आज कोणाले भेली तू?"

मी काय बोलले असेन? मी म्हणाले, "तुझी गाडी किती वाजताची आहे?"

तिनं पदराला हात पुसले आणि गेली.

त्या संध्याकाळी ग्रुपवर माझ्या मोठ्या मनाचं कौतुक सुरू झालं. 'मॅडम, तुमच्याकडून शिकावं.' 'अशी मैत्री आता कुठे.' मी प्रत्येकाला नाव घेऊन आभार लिहिले.

इथवर सांगितलं तेच पुरेसं घाण आहे. पण अजून एक आहे.

चार दिवसांनी दुपारी एक निरोप आला. अनोळखी नंबर. 'मॅडम, मी स्नेहल, सुमन आईंची सून. नंबर आईंच्या फोनमधून घेतला, त्यांना सांगितलेलं नाही. तुम्ही सगळ्यांसमोर आईंना माफ केलं, खूप मोठं मन आहे तुमचं. आई तेव्हापासून गप्प आहेत, नीट जेवत नाहीत. त्यांना लाज वाटत असेल. एक विनंती करते. आमच्या घरी ही गोष्ट कोणालाच माहीत नाही. माझी मुलगी आजीच्या मागे मागे फिरून झाडांची नावं शिकते, तिच्यासाठी आजी म्हणजे सगळं काही आहे. तुम्ही कृपा करून हे कुठे बोलू नका.'

मी खुर्चीत बसून ते तीनदा वाचलं. मग लिहायला घेतलं.

'काळजी करू नकोस बेटा. माझ्याकडून ही गोष्ट कधीच बाहेर जाणार नाही. आईंना जप.'

पाठवण्याआधी नजर टाकली. 'गोष्ट'मधला ट चुकून ठ झाला होता. तो दुरुस्त केला आणि पाठवून दिलं.