अंड्यांची एर्मेलिंदा

पुएब्ला शहराजवळच्या आमच्या वस्तीत सगळ्यांना एर्मेलिंदाचीच अंडी लागायची. कोंबड्या अंगणात मोकळ्या फिरायच्या, बलक केशरी असायचा. वस्तीमागे दवाखान्यांचा कचरा जाळायची भट्टी होती. धुराचा वास आला की आम्ही खिडक्या लावायचो, एवढंच.

मग विद्यापीठाची माणसं आली. त्यांनी आमचं रक्त घेतलं, तिची अंडीही नेली. निकाल घेऊन आलेल्या डॉक्टरबाईंनी सरळच सांगितलं, धुरातलं डायॉक्सिन नावाचं विष मातीत उतरतं, कोंबडी माती टोचते, ते अंड्यात येतं आणि अंड्यातून आपल्यात. चरबीत मुरलं की वर्षानुवर्षं हलत नाही.

"आणि आईच्या दुधात?" एर्मेलिंदानं विचारलं.

"थोडं उतरतं. तरी बाळाला अंगावरच पाजा, फायदाच जास्त आहे."

हे शेवटचं तिच्या कानात शिरलंच नाही. तिची लेक यारेली ओली बाळंतीण होती, आणि गरोदरपणात रोज अंडी आईनंच आग्रह करकरून वाढली होती.

तेव्हापासून तिचा पाय घरात ठरेना. कोंबड्या मारून पुरल्या. दारोदार सांगत सुटली, माझी अंडी खाऊ नका. शेजारच्या चोनाचा नवरा भट्टीवर कामाला. चोना उंबऱ्यातूनच म्हणाली, "आमची चूल विझवायला निघालीस का गं? इतकी वर्षं विकताना बरं काही वाटलं नाही."

यारेलीच्या तर ती मागेच लागली. "एकदा रक्त देऊन ये."

"नाही देणार. कळून काय करू? बदलून मिळतं का?"

"मला झोप लागत नाही गं."

"मग तू जाग. मला पोरीला पाजायचंय."

कचऱ्याचे ट्रक अडवायला आम्ही बायका रस्त्यात बसलो, तेव्हा तीही आली. बसली म्हणायचं, पण सगळा वेळ येरझाराच घालायची. पावसाळा गेला, थंडी गेली, मग कोर्टाचा आदेश आला आणि भट्टी बंद झाली. आम्ही फटाके उडवले. ती पुन्हा रक्त तपासून घ्यायला गेली. डायॉक्सिनचा आकडा जेमतेम हलला होता.

चोनाच्या नवऱ्याचं काम गेलं. दोघींचं बोलणं कधीच तुटलं होतं. तरी एका सकाळी चोना तिच्या दारात उभी राहिली.

"भट्टीतली राख तोच उपसायचा," ती म्हणाली. "रक्त कुठं घेतात? पण तो यायला तयार नाही."

एर्मेलिंदानं तव्यावरची मक्याची टॉर्टिया उतरवली, गॅस बंद केला, शाल घेतली.

"माझी लेकही तयार नाही. चल, पुएब्लाची बस येईल. विद्यापीठात आपण तरी विचारून येऊ."