पांढऱ्या दोऱ्याची बाटली

सासूबाईंनी बाटलीचं बूच काढलं आणि मामंजींच्या तोंडात पाणी घातलं. ते बरेच दिवस तापानं पडून होते, त्या दुपारी डोळे फिरवले, म्हणून ही गंगा. एक पळी घशाखाली उतरली. दुसरी उतरताना नणंद दारातून आत आली आणि ओरडली, "आई, ती माझी बाटली!"

आमच्या मल्लेश्वरमच्या घरापासून जवळच एका संस्थेत ती पाणी तपासायला जात होती. तळ्यांत गावाची घाण किती उतरते ते बघायचं, हे तिचं काम. पर्यावरण हा शब्द तेव्हा आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशी रविवार, संस्था बंद, म्हणून तिनं दोन बाटल्या देवघरात ठेवल्या होत्या. घरात गार जागा तेवढीच. बाटल्यांच्या तोंडाला धुतलेलं फडकं, त्यावर दोरा. काशीहून कुणी आलं की आमच्यात गंगा अशीच बांधून आणतात. सासूबाईंना दुसरं काय वाटणार?

"तळ्यातलं गटार बापाच्या तोंडात!" माझा नवरा म्हणाला. "अप्पा गेले तर तुझं तिकडे जाणं बंद. कळलं? सरी?"

"सरी, अण्णा." पण ती जमिनीवर काहीतरी शोधत होती. "वैनी, दोरा तांबडा होता की पांढरा?"

खाटेखाली सापडला. पांढरा.

"मग हे तळ्याचं नव्हे. आपल्या विहिरीचं आहे."

नवरा हसला. "हात्तिच्या! रोजचंच पाणी की!"

"रोजचंच," ती म्हणाली. "म्हणून तर भरलं होतं."

त्यानंतर मला एका जागी बसवेना. घरात नळ होता, पण नळाच्या आत चामड्याची चकती असते, ती सोवळ्याला चालत नाही, म्हणून प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी विहिरीचं. सासूबाई पहाटे ओलेत्यानं, मडीत, म्हणजे सोवळ्यात, ते ओढायच्या. विहिरीमागे भिंत, भिंतीमागे शेजाऱ्यांच्या संडासाचा खड्डा. इतकी वर्षं बघत होतो, मनात कधी आलं नाही. आता मी सारखी विहिरीपाशी जायची, आत वाकून बघायची, परत मामंजींच्या उशाशी यायची. पाणी स्वच्छ दिसायचं. त्याचाच राग यायचा.

सोमवारी नणंदेनं विहिरीचं ताजं पाणी नेलं. निकालाला वेळ लागतो म्हणाली. तोवर मी मामंजींना नळाचं पाणी उकळून पाजलं, सासूबाईंना न विचारता. नणंदेला जेवण जात नव्हतं. बाप गेला तर संस्थेतलं कामही गेलं, हे तिला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

निकाल लागला त्या दिवशी ती परत आली ती थेट स्वयंपाकघरात. "संडासाचं पाणी विहिरीत झिरपतंय, आई."

"मी ओलेत्यानं ओढते ते. त्यात घाण येईल कुठून?"

"तुझं मडी वरून. घाण खालून येते."

मामंजींचा ताप उतरला. पाणी बदलल्यामुळे, की उतरायचाच होता? मला माहीत नाही. नणंदेलाही ठाऊक नव्हतं आणि तिनं तसं सांगितलं. नवऱ्यानं विषय काढला नाही. ती जात राहिली.

तिथे ती एकटीच बाई. वरचे साहेब दर वर्षी लग्न कधी म्हणून विचारायचे. बायकांना संडास नव्हता, म्हणून ही दिवसभर पाणी प्यायची नाही आणि संध्याकाळी धावत घरी यायची. पाणी तपासणारी बाई तहानलेली! पुढे तिच्या हातात कारभार आला तेव्हा तिनं आधी बायकांचा संडास बांधून घेतला, मग मुली कामाला घेतल्या. "नुसतं या म्हटलं की मुली येत नाहीत, वैनी," म्हणायची. माझी थोरली लेक तिच्याच हाताखाली शिकली.

पण ते नंतरचं. विहीर बंद करायला सासूबाई तयार नव्हत्या. आम्ही नळाचं प्यायचो, सासूबाई विहिरीचंच उकळून प्यायला लागल्या. तेवढं त्यांनी ऐकलं. देवाच्या पाण्याचं मात्र ऐकलं नाही.

"देवाच्या अंगावर उकळलेलं पाणी ओतू? उद्या म्हणशील देवालाच उकळ!"

"आई, स्वल्प ऐक ग. तीर्थ तरी घेऊ नकोस."

"तुम्हाला नको तर नको. मी घेईन."

रोज सकाळी नणंद भांडायची आणि तशीच उपाशी कामावर जायची. सासूबाई कच्च्या पाण्यानं अभिषेक करायच्या आणि ओंजळीत तीर्थ घेऊन, आमच्याकडे बघत, पिऊन टाकायच्या.

पावसाळ्यात त्यांना तसाच ताप आला. या खेपेला गंगा कुणी शोधली नाही.

मामंजी जगले. सासूबाई गेल्या.