भात नव्हे, धान

मुलांनो,

परवा फोनवर तुम्ही सांगितलंत, शाळेत मल्टिमीडिया प्रकल्प आहे आणि चित्रीकरणाआधी सगळं कागदावर ठरवायचंय. "कसं ठरवतात गं आजी?" असं विचारलंत आणि मी विषय बदलला. असं एक ठरवणं इथे चामोर्शीत, माझ्याच पडवीत झालं होतं. ते आठवलं की अजून तोंड कडू होतं. म्हणून लिहून सांगते.

मी जिथे इंग्रजी शिकवलं त्याच कॉलेजातल्या तीन मुली रोवण्याच्या गाण्यांवर प्रकल्प करणार होत्या. इकडे शेतातल्या भाताला धान म्हणतात आणि धानाच्या लावणीला रोवणा; भात म्हणजे फक्त शिजलेला. माझं टेबल मोठं, म्हणून त्या माझ्याकडे बसायच्या. कागदावर चौकटी आखायच्या. प्रत्येक चौकटीत चित्र, खाली कोण बोलणार, मागे कसला आवाज. काम नेटकं चाललं होतं.

त्यांतल्या एकीची आजी आमच्या मागच्याच घरात राहते. ती गाणी तिचीच. पहिल्या वर्षाला ही मुलगी वर्गात "मले" म्हणाली, तर सगळे हसले होते. आता त्याच कॉलेजच्या पडद्यावर आजीची बोली जशीच्या तशी ऐकू यावी, एवढंच तिला हवं होतं. माईक नीट चालतो का, हे तिने आजीलाच बोलायला लावून पाहिलं.

मग त्यांचे सर आले. बाहेरगावचे, नव्यानेच लागलेले. त्यांनी लाल पेनाने धानाचा भात केला, रोवण्याची लावणी केली.

"बाहेरच्यांना कळलं पाहिजे, मॅडम."

"खाली अर्थ लिहिता येतो," मी म्हटलं.

"परीक्षक एवढं वाचत नाहीत."

आजीने काय उत्तर द्यायचं, तेही त्यांनी चौकटीत लिहून टाकलं होतं. मग तालीम म्हणून आजीला बोलावून विचारलं, "आजी, भात लावताना तुम्ही काय म्हणायचात?"

आजी गोंधळली. "भात? भात तं चुलीवर हाये, भाऊ. भूक लागली का तुले? आण म्हनशील तं आणतो."

ती खरंच उठली. सर खो-खो हसले. बाकीच्या दोघीही हसल्या. आजी होती तिथेच थांबली.

"काऊन वं, मले हसून राह्यले का हे?"

"नाई आजी," नात म्हणाली. तिची मान खालीच होती.

"मले गाणं आठवत नाई आता," म्हणून आजी घरी गेली. दुसऱ्या दिवशी बांधावरून तिचा आवाज मी ऐकला. तिला सगळं आठवत होतं.

आजीची चौकट लाल पेनाने खोडली गेली. तिथे शहरातल्या एका बाईंचा स्वच्छ आवाज आला. प्रकल्पाला टाळ्या पडल्या. सरांचा सत्कार झाला, त्याला मी गेले नाही. नात आता घरातसुद्धा "मला, तुला" बोलते. आजी मला म्हणाली, "बाई, पोरगी माह्याशी पुस्तकावानी बोलते."

तुम्ही चौकटी आखा, प्रश्नही लिहा. उत्तराची जागा मात्र कोरी सोडा.

माईक तपासतानाचा तो तुकडा त्या नातीने मला पाठवला होता. त्यात आजी विचारते, "बोलू का आता?" आणि मग रोवण्याच्या गाण्याच्या दोन ओळी म्हणते. तेवढा माझ्या मोबाईलमध्ये आहे.