जयाक्काची तीन मिनिटं

सत्याऐंशी साली आमच्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजमधला दोऱ्या खोचून फोन जोडायचा बोर्ड गेला आणि आपोआप लागणारे फोन आले. लोकांची सोय झाली. मला मात्र अजून माझ्याबरोबर बोर्डावर काम करणाऱ्या जयाक्काच्या आवाजाची आठवण येते, आणि खरं सांगायचं तर त्याच आवाजाचा मला आधी भारी राग यायचा.

जयाक्का बेळगावातल्या शहापूरच्या विणकराघरची. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे आवाज खणखणीत. बेळगावहून पहिल्या बसनं यायची आणि बोर्डापुढं बसली की घड्याळावरची नजर हलायची नाही. ट्रंक कॉलची तीन मिनिटं भरली की, "तीन मिनिटं झाली. मूरु निमिषा आय्तु," असं मराठी-कानडीत सांगून दोरी ओढायचीच. मग पलीकडे कुणाचं लग्न ठरत असो, नाहीतर मोडत असो.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात, भर दुपारी, एका खेड्यातल्या पोस्टातून तिथल्या आण्णाप्पा पोस्टमास्तरांचा फोन आला. गावातल्या तानीबाईची सहा वर्षांची लेक शेवंता विहिरीत बुडाली होती. बाहेर काढली, पण श्वास नव्हता. पोटातलं पाणी निघावं म्हणून लोक पोस्टासमोरूनच तिला कुंभाराच्या चाकावर घालून फिरवायला नेत होते.

जयाक्कानं बेळगावचे एक डॉक्टर जोडून दिले. पण लाइन इतकी खराब, की त्यांचं बोलणं आमच्यापर्यंत यायचं आणि पुढं खेड्यात पोचायचंच नाही. मग तीच मधे बोलू लागली.

"मास्तर, चाकाबिकावर न्हाय घालायचं! पोस्टाच्या कट्ट्यावर उताणी निजवा. मान मागं करा. आईला म्हणावं, नाक चिमटीत धर आणि तोंडाला तोंड लावून फुंक. छाती वर येतीया का बघा."

मास्तर हातात फोन धरून दारातूनच तानीबाईला ओरडून सांगत होते. जयाक्का ताल धरून बोलत होती, "फुंक... सोड... फुंक... सोड..." आणि घड्याळाचा काटा फिरला तसं त्याच सुरात तिच्या तोंडून गेलं, "तीन मिनिटं झाली. मूरु निमिषा आय्तु."

तिला दहा वर्षांची सवय होती. मास्तरांनाही होती. ते "व्हय व्हय" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

जयाक्का घंटेवर घंटा देत राहिली. कोणी उचलेना. "पोर मी मारली गं," एवढंच म्हणाली, बोर्ड माझ्या गळ्यात टाकला आणि चप्पल न घालताच त्या गावाकडं निघाली. कामाच्या वेळेत ती खुर्चीवरून उठलेली मी पहिल्यांदाच पाहिली. तेव्हा माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मी नुसती देवाचं नाव घेत बसले.

दोन तासांनी त्याच गावाची घंटी आली. मला ती घ्यायची भीती वाटली.

"अगं, रडतीया बघ पोर! ऐक!" जयाक्का स्वतःच हुंदके देत होती, त्यामुळे पोरीचं रडणं कुठलं आणि तिचं कुठलं, मला कळेना. मास्तर फोन ठेवून पोरीचे पाय चोळायला धावले होते. घंटा वाजतेय याचं भान तिथं कुणालाच नव्हतं. मग तिनं फोन तानीबाईच्या हातात दिला.

"मला कुणी थांब म्हटलंच न्हाय, आक्का," तानीबाई म्हणाली. "मग म्या फुंकतच ऱ्हायले."

त्यानंतर दोघी पलीकडे कितीतरी वेळ बोलत होत्या, रडत होत्या. मी घड्याळाकडं पाहिलं. तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती. मी दोरीला हात लावला नाही.