दांड्याची वजावट

आमच्याकडे कुणी जाड झालं की 'तब्येत सुधारली' म्हणतात. त्या न्यायाने फैजपुरात माझ्या काकूइतकी सुधारलेली बाई दुसरी नव्हती. ती मूळची धुळ्याकडची. वीस वर्षं केळीच्या मुलखात नांदली, पण ना तिची अहिराणी सुटली, ना ताटातली तुपाची धार.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास तिच्या काखेत गाठ आली. 'चरबीची असेल' म्हणून घरच्यांनी हात झटकले. मला भयंकर राग आला. शाळेत रजा टाकून मी तिला जळगावला नेलं. गाठ काढली, तपासली आणि खरंच चरबीचीच निघाली! काकूने दवाखान्यातच पेढे वाटले. त्यातले दोन स्वतः खाल्ले.

डॉक्टर म्हणाले, "काकू, गाठ साधी आहे, पण चरबीला गरीब समजू नका. लठ्ठ माणसांत काही कॅन्सर जास्त दिसतात. दर महिन्याला वजन करा."

"म्हंजे फितूर घरमाच शे!" काकू म्हणाली.

आज याविषयी वाचते तेव्हा फितूर घरातच असल्याचं तिचं म्हणणं पटतं. लठ्ठपणात चरबीतल्या मूळ पेशींचंच वागणं बिघडतं, आणि त्या कॅन्सरला खतपाणी घालू शकतात.

घरात माणसं तोलायचा काटा कुठला? केळीचे घड तोलायचा होता, त्यावर ती उभी राहायची. व्यापारी घडाच्या वजनातून दांड्याचं वजन कापायचे, कारण दांडा कुणी खात नाही. काकूलाही तीच सवलत हवी असे. लुगडं वजा कर, पाटल्या वजा कर, अंबाडा वजा कर! मी हसत हसत कापत जायचे. अशाने ती कागदावर वाळत गेली आणि काट्यावर होती तिथेच राहिली.

मग धुळ्याहून निरोप आला. तिच्या थोरल्या बहिणीला, तशाच अंगाच्या अक्काला, गाठ निघाली होती आणि ती साधी नव्हती. काकू आठ दिवस तिच्यापाशी राहिली. परतली ती थेट काट्यावर चढली.

सवयीने मी विचारलं, "लुगड्याचं किती धरू?"

"काही कापू नको, माय," ती म्हणाली. "बठ्ठं वजन मनंच शे. खरं सांग. माले अजून जगनं शे."

सगळं वजन तिचंच धरून मी आकडा सांगितला. मला रडू आवरेना. तिने पाटल्या उतरवून माझ्या हातात दिल्या, चपला घातल्या आणि केळीच्या बांधाने चालायला लागली.