बाहेरची हवा

या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि वाचता वाचता प्रत्येकाचं कारण मनात लिहून टाकते. जिन्यातली पावलं – शेजारच्या बिल्डिंगचा पंप. आपोआप लागणारे दिवे – जुनं वायरिंग. छातीवर कोणीतरी बसल्याचा भास – रात्रीची मिसळ. एका हॉटेलच्या मेंटेनन्स विभागात मी अठ्ठावीस वर्षं काढली. बॉयलर, चिलर, गरम पाण्याच्या लाइनी हेच माझं काम. मशीन बिघडलं की कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर शोधणारा आळशी असतो, असं मी हाताखालच्या लोकांना ऐकवत आले.

म्हणूनच गेल्या ऑक्टोबरात जे झालं त्याची मला भीती वाटली नाही, राग आला. अजून येतो. तो उतरेल म्हणून लिहितेय.

माझा नवरा शिरीष रिटायर झाल्यावर त्याने एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचं घर करायला घेतलं. पुढे दोन बर्थ, मध्ये शेगडी आणि बाथरूम, मागे सरकत्या दाराआड एक मोठा बेड. हे सगळं माझ्या सासूबाईंसाठी. आई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे गेलेले, हॉटेलचे जिने चढवत नाहीत, आणि जन्म नायगावात काढून एकदा बर्फ पडताना बघायचंय, हा एकच हट्ट. डॉक्टर म्हणाले, फार उंचावर नेऊ नका आणि काहीही झालं तरी थंडी लागू देऊ नका. पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही, हेही म्हणाले. तेव्हा तुळशीचं लग्न झालं की हिमाचलला निघायचं ठरलं. मागच्या बेडवर आई आणि माझी नणंद वसुधाताई झोपणार, पुढे आम्ही दोघं.

हीटिंग मी स्वतः निवडलं. डिझेलवर चालणारा एक छोटा बर्नर पाणी तापवतो, आणि पंप ते पाणी पाईपांतून चार रेडिएटरमध्ये फिरवतो. हॉटेलच्या मानाने खेळणं. ड्रॉइंग मी काढलं, बसवलं नंदूने. नंदू लालबागचा, पंचेचाळिशीचा, माझ्या पंधरा वर्षांच्या ओळखीचा, हाताने चांगला फिटर. गाडी लोअर परळला एका बंद मिलच्या जुन्या गोदामात, शिरीषच्या मित्राच्या गॅरेजमध्ये उभी होती. आजूबाजूला काचेचे टॉवर आणि मधे आम्ही – ऑक्टोबरच्या उकाड्यात हीटर टेस्ट करणारे. टॉवरमधली पोरं सिगारेट ओढायला खाली यायची आणि आमच्याकडे बघून हसायची. हसू देत.

पहिल्या दिवशी पुढचे तीन रेडिएटर दहा मिनिटांत तापले. मागचा, आईंच्या उशाचा, गार.

यात नवल काही नाही. लाइनीत हवा धरली की पाणी पुढे सरकत नाही. वरचा स्क्रू सैल करून हवा काढली, गाडीचं तोंड रॅम्पवर चढवून पुन्हा काढली. रेडिएटर गारच. तेव्हा मी त्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

नीट समजून घ्या. पाणी फिरत नसेल तर रेडिएटर गरम होत नाही, तो खोलीइतका राहतो. खोली तेहतीस डिग्री होती. हा पत्रा फ्रीजमधून काढल्यासारखा होता. त्याला घाम फुटला होता, थेंब खालच्या पाईपावर ओघळत होते. चकचकीत पत्र्यावर टेम्परेचर गन फसते, म्हणून काळी टेप लावून रीडिंग घेतलं. मग साधा थर्मामीटर चिकटवून घेतलं. दोन्ही म्हणाले, नऊ.

गरम न होणं मी समजू शकते. गार होणं नाही. त्या गाडीत गार करणारं एकही यंत्र नव्हतं, फ्रीजसुद्धा बसायचा होता.

नंदूने पंपाला कान लावला आणि म्हणाला, "वहिनी, ह्यात बाहेरची हवा शिरलीय." त्याचं म्हणणं साधं होतं. कुठलातरी जॉइंट सैल आहे आणि पंप तिथून हवा ओढतोय. पण वसुधाताई तेव्हा पडद्यांची मापं घेत होत्या. त्यांनी वाक्यातलं 'बाहेरची' तेवढं उचललं आणि नायगावला पोचेपर्यंत त्याचं 'गाडीला बाहेरचं लागलंय' झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या आरशाला लिंबू, मिरच्या आणि बिब्बा. गॅरेजच्या वॉचमनने मला बाजूला घेऊन सांगितलं की या गोदामात पूर्वी एक कामगार गेला होता. मी त्याला विचारलं, कुठल्या खात्यातला, कधी, नाव काय? त्याला काहीच सांगता येईना. मेलेल्या माणसाबद्दल निदान एवढी तरी चौकशी करून बोलावं.

संध्याकाळी आईंनी घरी मला समोर बसवलं. त्यांच्या माहेरी दृष्ट काढणारी कोणी बाई होती म्हणे, आता तिची सून काढते.

मी म्हटलं, "आई, तो जॉइंट सैल आहे. बाहेरची हवा म्हणजे हवा. नुसती हवा."

"तेच म्हणतेय मी," आई म्हणाल्या. "आपण घरात बाहेरची हवा येऊ देत नाही, मग गाडीत का येऊ द्यायची?"

मी उठून कुकर लावला.

पुढचे नऊ दिवस मी त्या रेडिएटरशी भांडले. सगळे जॉइंट बदलले. पंप बदलला. मागचा रेडिएटर काढून पुढे लावला, पुढचा मागे. तर मागे गेलेला गार पडला आणि पुढे आलेला चांगला तापला. म्हणजे दोष पत्र्यात नव्हता, जागेत होता. कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या मुलाने मला तीनदा रिसेट करायला सांगितलं आणि चौथ्यांदा विचारलं, मॅडम, एसी चालू आहे का? मी फोन ठेवला.

आठव्या दिवशी मागच्या रेडिएटरची परतीची नळी सोडून बादलीत धरली. पाणी चांगलं धो धो येत होतं, म्हणजे हवाबिवा काही धरलेली नव्हती. रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या नळीला हात लावला तर चटका. बादलीतल्या पाण्यात हात घातला तर बोटं बधिर. दोन फुटांच्या पत्र्यातून जाताना पाण्याची सगळी उष्णता गेली होती आणि वर आणखी गेली होती. गेली कुठे? उष्णता अशी नाहीशी होत नाही हो. ती कुठेतरी जावी लागते. मी त्या बादलीसमोर बसून होते आणि मला अपमान झाल्यासारखं वाटत होतं.

शिरीष मवाळ माणूस. तो म्हणाला, सोड ना आता. पुढचे तीन मस्त चालतायत, दार सरकवलं की ऊब मागे जाईल, आईला दोन रजया जास्त देऊ. निघायला बारा दिवस राहिलेत. वसुधाताई तर म्हणाल्याच, की आम्हाला नाही लागत थंडी. आणि आई – ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप – त्या म्हणाल्या, राहू दे मेधा, तुझी ओढाताण नको, बर्फ टीव्हीवर दिसतं.

ते ऐकल्यावर तर मी सोडणं शक्यच नव्हतं. मी शिरीषला सांगितलं, "डॉक्टरांनी थंडी लागू देऊ नका म्हटलंय. त्यांच्या उशाशी बर्फाची लादी ठेवून मी त्यांना नेणार नाही. हा तापला तर निघायचं, नाहीतर नाही."

तो त्या दिवशी माझ्याशी फार बोलला नाही. त्याला वाटलं, मला माझा हेका महत्त्वाचा, आई नाही. खोटं कशाला बोलू, थोडा हेका होताच.

अकराव्या दिवशी मी उपकरणं बाजूला ठेवली आणि नुसत्या हाताने शोधायचं ठरवलं. ओल कुठून सुरू होते, एवढंच बघायचं. रेडिएटर ओला, त्याखालचा पाईप ओला, भिंतीच्या कडेने पाईप बेडकडे जातो तिथे आणखी ओला. पाईप बेडखालच्या खणात शिरत होता, तिथे खणाची प्लायवूडची फळी बाहेरूनसुद्धा भिजलेली. त्या फळीमागे बिघडण्यासारखं काही असायचं कारण नव्हतं, पाण्याचा अखंड पाईप आणि बर्नरला हवा पुरवणारी एक साधी नळी, एवढंच. म्हणून ती मी दहा दिवस उघडली नव्हती. आता उघडली.

आत काजळी होती. बेडखालचा अख्खा खण काळा. बर्नरचा धूर बाहेर टाकणारा पाईप, जो गाडीच्या तळाखालून जायला हवा होता, तो बेडखालून नेलेला. मधे एक जॉइंट, त्याला हलकी, हाताने वाकेल अशी क्लिप, आणि तो बोटभर सुटलेला. शेजारचं प्लायवूड करपून तपकिरी झालं होतं. आणि बरोबर त्या सुटलेल्या जॉइंटसमोर, वीतभर अंतरावर, गरम पाण्याच्या पाईपावर पांढरं भुरभुरीत बर्फ जमलेलं. माझ्या आणि नंदूच्या डोळ्यांसमोर. हात लावला तर नखाखाली आलं.

मी बर्नर बंद केला. मग बाहेर येऊन बसले.

दहा दिवस कोणाला वास कसा आला नाही? मुंबईचा उकाडा, दारं-खिडक्या सताड उघडी, छताचा पंखा चालू, बाहेर गॅरेजचा धूर. हिमाचलात मात्र सगळं घट्ट बंद असणार होतं. विषारी वायूचा अलार्म मी बसवला होता, पण पुढे, शेगडीजवळ. मागचं दार सरकवलं की तो मुंबईत असल्यासारखाच. आणि त्या खणावर झोपणार होत्या आई आणि वसुधाताई.

मग मी नंदूवर सुटले. पंधरा वर्षांत त्याला असं कधी बोलले नव्हते. मग टूलबॉक्समधून माझं ड्रॉइंग काढून त्याने माझ्या मांडीवर ठेवलं.

"तुमचंच अक्षर आहे वहिनी. 'बाहेरची हवा – बेडखालून.' बाहेर जाणारी ती बाहेरचीच ना?"

अक्षर माझंच होतं. बर्नरला जळायला लागणारी, बाहेरून आत येणारी हवा, ती साधी नळी बेडखालून न्यायची, असं मला लिहायचं होतं. त्याने वाचलं, बाहेर टाकायची हवा. क्लिपांच्या पिशवीवरही मी तेच लिहिलं होतं, म्हणून हलकी क्लिप धुराला लागली. फिटरला हे कळायला हवं होतं, हे खरं. पण अठ्ठावीस वर्षं लाइनींना नावं देणाऱ्या बाईने 'हवा आत' आणि 'धूर बाहेर' असे चार शब्द लिहायला हवे होते, हेही खरंच. चहा आला तो तसाच राहिला.

दोन दिवस खपून धुराचा पाईप तळाखालून नेला, जड क्लॅम्प लावले, खण नवा केला, मागेही अलार्म बसवला. पाण्याच्या लाइनीला हात लावला नाही. एक स्क्रूसुद्धा फिरवला नाही, मुद्दाम. बर्नर लावला. आठव्या मिनिटाला मागचा रेडिएटर तापला. साठ डिग्री, बाकीच्यांसारखाच. त्यानंतर एकदाही गार पडला नाही.

धुराचा आणि पाण्याचा मार्ग वेगळा. धूर गरमच असतो. त्याच्या शेजारी बर्फ कसं जमेल? माझे जुने चीफ इंजिनिअर आज पंचाहत्तरीला आहेत, त्यांना सगळी रीडिंग पाठवली. त्यांनी चार दिवस घेतले आणि फोनवर एवढंच विचारलं, "मेधा, तू बरी आहेस ना?"

आम्ही गेलो. सव्वा महिना राहिलो. एका सकाळी बर्फ पडायला लागलं, आईंना खुर्चीत बसवून खिडकीशी नेलं. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "फ्रीज साफ करताना निघतं, तसंच की." पण खिडकीतून हलायला तयार नव्हत्या. जेवणही तिथेच दिलं.

आता खाली तुमच्यातले काही लिहितील, कोणीतरी तुम्हाला सावध करत होतं. असेल. माझी तक्रार आहे. सावधच करायचं होतं तर पॅनेलवर चांगला डिस्प्ले होता, त्यावर एरर कोड दाखवता आला असता. माझे अकरा दिवस, नव्या पंपाचा खर्च, नवऱ्याचा अबोला, हे सगळं कशाला?

पण मला खरं खुपतं ते वेगळंच. त्या अकरा दिवसांत मी जे जे केलं, ते तो गारवा घालवायला केलं. हवा काढली, जॉइंट आवळले, रेडिएटर बदलले. त्यातलं काहीही चालायला हवं होतं, मी माझ्या कामात तेवढी बरी आहे. पहिल्याच दिवशी चाललं असतं, तर मी हात पुसून म्हटलं असतं, झालं काम. ती फळी कधीच उघडली नसती. आणि आईंना, थंडी लागू नये म्हणून दार नीट सरकवून, मीच तिथे झोपवलं असतं.

नाही चाललं. का नाही चाललं, ते मला आजही सांगता येत नाही.